फ्लॅट भाड्याने देताना: किल्ली देण्याआधी आणि परत घेतल्यावर

पहिला फ्लॅट भाड्याने दिला तेव्हा माझी तयारी एवढीच होती: एक किल्ली, एका ब्रोकरचा नंबर आणि स्टँप पेपरवर नोटरीकडून शिक्का मारून घेतलेला करार. अकरा महिन्यांनी भाडेकरू गेला. मागे तीन महिन्यांचं थकलेलं वीजबिल, बाथरूममधून खालच्या घरात झिरपणारं पाणी आणि खालच्या काकांचे दिवसाला दोन फोन एवढं ठेवून गेला. डिपॉझिट मी आदल्याच आठवड्यात परत केलं होतं. माणूस सज्जन वाटला, म्हणून.

तो खरंच सज्जन होता. बिलाचं त्याला माहीतच नव्हतं, कारण बिल माझ्या जुन्या मोबाइल नंबरवर जात होतं. चूक सगळी माझी होती आणि ती सगळी किल्ली देण्याआधीची होती. गेल्या दहा-बारा वर्षांत पुण्यात दोन फ्लॅट भाड्याने देताना हेच पुन्हापुन्हा दिसलं. भाडेकरूशी होणारे बहुतेक वाद तो राहायला येण्याआधी आपण जे करत नाही, त्यातून निघतात. म्हणून या लेखात सुरुवातीच्या कामांना जास्त जागा दिली आहे. दाखले पुण्याचे असले, तरी कायद्याचा भाग महाराष्ट्रभर सारखाच आहे.

आधी वहीत हिशेब मांडा

“महिन्याला बावीस हजार येतात” हे वाक्य चहाच्या टेबलावर छान वाटतं. समजा ७५ लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे आणि भाडं २२,००० रुपये. वर्षाचे झाले २,६४,०००. आता वजाबाकी. सोसायटीचा मेंटेनन्स महिना २,८०० धरला तर वर्षाला ३३,६००. महापालिकेचा मिळकतकर १६,०००. दर दोन वर्षांनी भाडेकरू बदलतो आणि मध्ये महिनाभर घर रिकामं राहतं असं धरलं, तर वर्षाला ११,००० त्यात गेले. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं दिलं, तर तेही वर्षाला ११,०००. रंग, प्लंबर, गीझर, नळ मिळून सरासरी १८,०००. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल लागणारं) २,४००. करारातला आपला वाटा दीड हजार. बेरीज ९३,५००. हातात उरले १,७०,५००, म्हणजे घराच्या किमतीवर सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, आणि अजून आयकर भरायचाय.

हे आकडे माझ्या वहीतल्यासारखे, ढोबळ आहेत. तुमचे वेगळे येतील, पण रकाने हेच राहतील. मला या वजाबाकीतून एक गोष्ट कळली. भाड्यात हजार रुपयांची घासाघीस करून मी वर्षाला बारा हजार जास्त मिळवणार आणि त्या नादात घर महिनाभर रिकामं राहिलं, तर बावीस हजार घालवणार. चांगला माणूस हजार कमी देत असेल, तर मी आता फार विचार न करता हो म्हणतो.

पुण्याची एक खास गोष्ट सांगतो. महापालिका मालकाच्या स्वतःच्या राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती सवलत लागू होत नाही. बिल वाढून येतं तेव्हा बरेच जण चकित होतात. हिशेब करताना सवलतीशिवायचा आकडा धरा.

घर तयार करणं

रंग मारायचा की नाही, यावर लोक फार विचार करतात. मी आधी पाण्याकडे बघतो. भाड्याच्या घरातल्या दहा तक्रारींपैकी सहा-सात पाण्याच्या असतात: फ्लशची टाकी वाहते, सिंकखालचा पाइप ठिबकतो, बाथरूमच्या फरशांच्या सांध्यातून पाणी खाली उतरतं, गीझरचा कॉइल जातो. घर रिकामं असतानाच प्लंबरला बोलवा आणि सगळे नळ, अँगल कॉक, टाकीतला बॉल कॉक एकदा तपासून घ्या. बाथरूमच्या फरशांची ग्राउटिंग नव्याने करून घ्या. तीन-चार हजारांत हे होतं. खालच्या घराच्या छताला ओल आल्यावर तेच काम फरशी उखडून करावं लागतं, तेव्हा आकड्यामागे एक शून्य वाढतं.

मग वीज. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि विजेच्या गळतीवर बंद पडणारा ट्रिप स्विच तपासून घ्या. गीझर आणि शॉक या दोन शब्दांची जोडी आपल्याला नको असते. जुन्या इमारतीत हे काम पुढे ढकलू नका.

सामान किती ठेवायचं? माझा अनुभव असा की पंखे, ट्यूब, गीझर, किचन ट्रॉल्या आणि पडद्यांचे रॉड एवढं पुरतं. सोफा, पलंग, फ्रिज दिलात की दोन-तीन हजार भाडं वाढतं, पण त्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचे पालक तुम्ही होता. आईच्या काळचं शिसवी कपाट, देव्हारा, लग्नातली भांडी यांतलं काहीही भाड्याच्या घरात ठेवू नका, “माळ्यावर राहू दे, त्यांना काय त्रास” असं म्हणूनही नाही. त्यांना त्रास होत नाही. तुम्हाला होतो.

भाडेकरू निवडताना

ब्रोकर “फॅमिली आहे, व्हेजिटेरियन आहे, आयटीत आहे” असं एका दमात सांगतो आणि त्या तीन गोष्टींत आपण काय समजायचं ते समजून घेतो. त्यातून भाडं वेळेवर येईल का, हे कळत नाही. मी चार गोष्टी विचारतो. आत्ता कुठे राहता आणि ते घर का सोडताय? कामाचं ठिकाण कुठे? किती जण राहणार, नावानिशी? किती काळ राहायचा विचार आहे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावरून खूप काही कळतं. आधीच्या घरमालकाचा नंबर मागायला संकोच करू नका; देणारा सहज देतो. नोकरीचं ओळखपत्र आणि शेवटच्या पगाराची पावती बघावी. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या फार वर जात असेल, तर थकण्याची शक्यता वाढते.

बॅचलर मुलांना घर द्यायचं की नाही, हा आपल्याकडचा आवडता वाद. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी “आपल्या इमारतीत बॅचलर चालत नाहीत” असं ठोकून देतं. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, अशी काही अट नाही. माझ्याकडे सर्वांत स्वच्छ घर ठेवून गेल्या त्या तीन नोकरदार मुली होत्या आणि भिंतीत सोळा खिळे ठोकून गेलं ते एक सुसंस्कृत कुटुंब. मुलांना घर देताना एकच काळजी घ्या: राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात घाला. एकाच्या नावावर करार आणि राहतात पाच, अशा घरात भाडं कोणी द्यायचं यावरून त्यांच्यातच भांडण होतं आणि ते तुमच्या फोनवर येतं.

करार

इथे नीट थांबू या, कारण गैरसमज याच टप्प्यावर सर्वाधिक आहेत.

पहिला गैरसमज: अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. हे आलं १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यातला खरा दणका वेगळा आहे. करार नोंदवलेला नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल, तेच उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं. तो म्हणाला भाडं आठ हजार ठरलं होतं, तर ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. नोटरीच्या शिक्क्याने यातलं काहीही वाचत नाही.

दुसरा गैरसमज: “बारा वर्षं राहिला की घर त्याचं.” ही भीती आपल्या आजोबांच्या पिढीकडून आली आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिलं. पागडीच्या चाळींत भाडी गोठली आणि मालक घराकडे नुसते बघत राहिले. बारा वर्षांचा नियम मात्र मालकाच्या हक्काला आव्हान देऊन, त्याच्या विरोधात घेतलेल्या ताब्याबद्दल आहे. तुमच्या परवानगीने, तुम्हाला भाडं देऊन राहणाऱ्या माणसाला तो लागू पडत नाही. लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही घर वापरायची परवानगी देता, घरात हक्क देत नाही. म्हणूनच करारात तुम्ही ‘लायसन्सर’ आणि समोरचा ‘लायसन्सी’ असतो. नोंदवलेला करार ठेवा आणि त्याची मुदत संपू देऊ नका. एवढ्यावर ही भीती सोडून द्यायला हरकत नाही.

खर्चाचं गणित सोपं आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं, परत न करायची रक्कम असेल तर ती, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर. वरचंच उदाहरण घेतलं, तर २२,००० गुणिले ११ म्हणजे २,४२,०००. डिपॉझिट ६०,०००, त्यावर अकरा महिन्यांचं व्याज ५,५००. बेरीज २,४७,५००, तिचे ०.२५ टक्के म्हणजे सहाशे-सातशेच्या घरात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन नोंदणीची थोडी हाताळणी फी वेगळी. एजंट घरी येतो आणि आपली फी लावतो. सगळं मिळून एका महिन्याच्या मेंटेनन्सच्या आसपास खर्च येतो आणि बहुतेक ठिकाणी तो अर्धा-अर्धा वाटतात. एवढ्यासाठी नोटरीवर भागवणं म्हणजे कळशी वाचवायला विहीर गहाण टाकणं.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर करार स्वतःही करता येतो. दोन्ही पक्षांचं आधार आणि पॅन, दोन साक्षीदार, अंगठ्याचं यंत्र आणि वेबकॅम लागतो. घर दोघांच्या नावावर असेल, तर दोघंही हवेत. एक अडचण कोणी आधी सांगत नाही: ज्येष्ठांचे ठसे यंत्र ओळखत नाही. माझ्या आईचं बोट सात वेळा नाकारलं गेलं. शेवटी हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, दुसरं बोट लावलं तेव्हा हिरवा दिवा लागला. घरात कोणी सत्तरीपुढचं मालक असेल, तर आधार केंद्रात जाऊन ठसे आधीच अद्ययावत करून घ्या.

तयार मसुद्यात नसतात, पण मी न विसरता घालतो अशा अटी:

- लॉक-इन किती महिने, आणि त्याआधी घर सोडलं तर काय. मी सहा महिने ठेवतो, दोन्ही बाजूंना सारखे.
- नोटिशीची मुदत एक महिना, लेखी. व्हॉट्सअॅप किंवा ईमेल चालेल असं स्पष्ट लिहून.
- कोणती दुरुस्ती कोणाची. ‘किरकोळ’ आणि ‘मोठी’ हे शब्द भांडण लावतात. मी रक्कम लिहितो: एका वेळी हजार रुपयांपर्यंतची भाडेकरूची, त्यावरची माझी. भिंतीतला पाइप, वायरिंग आणि गळती नेहमी माझी.
- रंगाचे पैसे कापणार असाल तर आकडा आत्ताच. “एक महिन्याचं भाडं रंगासाठी” ही रूढी काही भागांत चालते, पण अकरा महिने राहिलेल्याकडून ती वसूल करणं मला पटत नाही. तीन वर्षांत रंग आपला आपणच जुना होतो.
- पार्किंगची जागा, क्रमांकासह.
- मुदत संपूनही घर सोडलं नाही तर रोजची रक्कम किती.

मुदत कायद्याने साठ महिन्यांपर्यंत ठेवता येते. मी अकराच ठेवतो. कारण पुढे ‘भाडं थकलं तर’मध्ये येईल.

मुंबईत आणि काही प्रमाणात इतरत्र ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत आहे: दहा-पंधरा लाख डिपॉझिट घ्यायचं आणि भाडं नाममात्र किंवा शून्य. मालकाला एकरकमी पैसे मिळतात म्हणून मोह होतो. पण मुदत संपते त्या दिवशी ते पैसे तुमच्याकडे रोख असायला हवेत. ते गृहकर्जात भरले असतील, तर पुढचा भाडेकरू मिळेपर्यंत आधीचा घर सोडणार नाही आणि त्यात त्याची चूकही नसेल.

पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे मालकाचं काम आहे. मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त तसा आदेश काढतात. पुण्या-मुंबईत अर्ज ऑनलाइन भरता येतो. भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता आणि ओळखीच्या दोघांची नावं लागतात. पावती जपून ठेवा. आदेश मोडला तर गुन्हा मालकावर दाखल होतो.

सोसायटीला लेखी कळवा आणि कराराची प्रत द्या. आदर्श उपविधींनुसार लिव्ह अँड लायसन्ससाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही. कळवावं मात्र लागतं. त्यामुळे “कमिटीची मीटिंग होईपर्यंत सामान आणू देणार नाही” याला आधार नाही. बिनभोगवटा शुल्कावरही मर्यादा आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि हे १० टक्के काढताना महापालिकेचे कर धरायचे नाहीत. म्हणजे २,८०० च्या बिलात सेवा शुल्काचा भाग २,००० असेल तर महिना २०० रुपये. सरसकट मेंटेनन्सच्या दुप्पट आकारणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. हा निर्णय दाखवून शांतपणे पत्र दिलं की बहुतेक सेक्रेटरी मागे येतात. तुमची इमारत सहकारी सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालची अपार्टमेंट असेल, जी पुण्यात पुष्कळ आहेत, तर नियम तिच्या घोषणापत्रात आणि उपविधींत बघावे लागतील.

आणि कमिटीशी गोड राहा. गळती झाली, लिफ्टमध्ये सामान अडकलं, तुम्ही गावी असलात, तर धावून येणार आहेत तेच.

किल्ली देण्याचा दिवस

रविवारी सकाळी, भरपूर उजेड असताना, भाडेकरूला घेऊन घरभर फिरा. मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा: प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ चालू करून, प्रत्येक पंखा फिरवून, खिडक्यांच्या काचा, ट्रॉलीचे ड्रॉवर, कडाप्प्याच्या ओट्याचे कोपरे. तो व्हिडिओ तिथल्या तिथे भाडेकरूला पाठवा. वीजमीटरचं आणि पाइपचा गॅस असेल तर त्याचंही रीडिंग फोटोत घ्या. सामानाची यादी दोघांच्या सह्यांनी करा, किल्ल्यांची संख्या त्यात लिहा. सोसायटीचं गेट कार्ड, क्लबहाउसचं कार्ड, टपालपेटीची किल्ली यांचीही नोंद करा.

वीजबिलाचा ग्राहक क्रमांक भाडेकरूला द्या. महावितरणच्या अॅपमध्ये तुमच्याही मोबाइलवर तो क्रमांक जोडलेला असू द्या. महिन्यातून एकदा उघडून बघायला दहा सेकंद लागतात. थकबाकी शेवटी मालकाच्याच दारात येते, कारण जोडणी तुमच्या नावावर आहे.

पूर्ण डिपॉझिट आणि पहिलं भाडं खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. “सोमवारी टाकतो” असं म्हणणाऱ्याला सोमवारीच किल्ली द्या. हे कठोर वाटतं, पण पहिल्या दिवशी जो सैलपणा दाखवाल, तोच पुढे नियम होतो.

मधले अकरा महिने

तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर द्या, मग दुरुस्ती दोन दिवसांनी होवो. भाडेकरूला राग दुरुस्तीच्या उशिराचा कमी आणि गप्प बसण्याचा जास्त येतो. ओळखीचा एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन आणि एक सुतार सांभाळून ठेवा. ते घराच्या जवळचे हवेत आणि त्यांचे पैसे त्याच दिवशी दिले पाहिजेत. पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस, एक चक्कर मारा: ड्राय बाल्कनीची जाळी, खिडक्यांखालच्या भेगा, एसीच्या पाइपची भोकं. जाण्याआधी विचारून, वेळ ठरवून जा. घर तुमचं असलं, तरी आत संसार त्यांचा आहे. आपल्याकडची किल्ली वापरून त्यांच्या मागे घरात शिरणं तर कधीच नको.

गळतीत कोणाची जबाबदारी कुठली, हे पाठ करून ठेवा. आदर्श उपविधींनुसार संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी आतली गळती सभासदाची, म्हणजे तुमची. पावसाचं पाणी, बाहेरचे सामाईक पाइप आणि ड्रेनेज यांमुळे होणारी गळती सोसायटीची. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या छताचा गिलावा पडला, तर तोही सोसायटीने करायचा. वरच्या फ्लॅटमधून तुमच्याकडे पाणी आलं, तर वरच्या मालकाला आणि सेक्रेटरीला एकाच पत्रात कळवा, फोटोसह. तोंडी तक्रारी पावसाबरोबर वाहून जातात.

भाडं थकलं तर

पाच तारखेचं भाडं सात तारखेला आलं नाही, तर आठला साधा मेसेज. पंधरापर्यंत नाही आलं, तर फोन करून कारण विचारा. नोकरी गेली, आजारपण आलं, अशी खरी कारणं असतात. अशा वेळी मी एक महिना थांबतो, पण पुढची तारीख मेसेजमध्ये लिहून घेतो. दुसरा महिनाही थकला की लेखी नोटीस. इथे डिपॉझिटचं गणित लक्षात ठेवा: दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट म्हणजे तुमच्याकडे तेवढाच वेळ. तिसऱ्या महिन्यापर्यंत गप्प बसलात, तर पुढचं राहणं फुकट.

वीज तोडणं, पाणी बंद करणं, कुलूप बदलणं यांतलं काहीही करू नका. १९९९ च्याच कायद्याचं कलम २९ अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई करतं. तुमची बाजू कितीही खरी असली, तरी त्या दिवसापासून तक्रारदार तो आणि उत्तर देणारे तुम्ही.

मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ कामाला येतं. त्यासाठी दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालायचे नसतात. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. लेखी करार तिथे निर्णायक पुरावा धरला जातो. समन्स मिळाल्यावर तीस दिवसांत भाडेकरूने शपथपत्र देऊन लढण्याची परवानगी मागायची असते. शिवाय मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. प्रत्यक्षात यालाही महिने जातात, वकील लागतोच. पण हा सरळ रस्ता उघडतो तो ‘मुदत संपल्यावर’. मुदतीच्या आत करार रद्द करून बाहेर काढणं जास्त वादाचं असतं. मी पाच वर्षांचा करार करत नाही तो यासाठी. अकरा महिन्यांचा करार असेल, तर वाट बघायची वेळ आलीच, तरी ती लहान असते.

कर

भाड्याचं उत्पन्न ‘घर मालमत्तेपासूनचं उत्पन्न’ म्हणून दाखवायचं. मिळालेल्या भाड्यातून प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा करा, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. आपल्या उदाहरणात २,६४,००० वजा १६,००० म्हणजे २,४८,०००. त्याचे ३० टक्के ७४,४००. करपात्र उरले १,७३,६००. रंग, दुरुस्ती, ब्रोकर यांचा खर्च त्या ३० टक्क्यांतच आला असं कायदा धरतो, पावत्या दाखवून वेगळी वजावट मिळत नाही. गृहकर्जाचं व्याजही वजा होतं. मात्र व्याजामुळे तोटा दिसत असेल, तर नव्या करप्रणालीत तो पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंत करता येतो. रोखीने भाडं घेऊन ते दाखवायचं नाही, हा जुना मार्ग आता फसवा आहे. भाडेकरू घरभाडे भत्त्याची सवलत घेतो आणि वर्षाचं भाडं एक लाखावर गेलं की त्याच्या कंपनीला तुमचा पॅन देतो.

भाडं महिना ५०,००० च्या वर असेल, तर भाडेकरूनेच २ टक्के कर कापून भरायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी हा दर ५ टक्के होता.

मालक परदेशात असेल तर

न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून पुण्याचा फ्लॅट सांभाळणारे मराठी मालक पुष्कळ आहेत. त्यांना करासाठी वेगळा नियम आहे. मालक कायद्याने अनिवासी असेल, तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने साधारण ३१.२ टक्के कर कापून भरला पाहिजे, आणि त्यासाठी त्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागतो. सामान्य नोकरदार भाडेकरू हे ऐकून पळतो. म्हणून आधीच सांगा. जमल्यास आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र काढा, आणि जास्त कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवा. भाडं अनिवासींच्या एनआरओ खात्यात घ्या.

करारासाठी इथल्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र द्यावं लागतं. ते तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या. भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. आणि ज्या भावाला किंवा मेहुणीला हे काम देताय, त्यांना काहीतरी मोबदला ठरवून द्या. फुकटच्या कामावरून नात्यात जी अढी बसते, ती कोणत्याही करारात बसवता येत नाही.

घर परत घेताना

मुदत संपण्याच्या दीड महिना आधी विचारा: राहणार की सोडणार? राहणार असेल तर नवा करार, नवी नोंदणी, ठरलेली वाढ. “तोंडी वाढवून घेऊ” नको. सोडणार असेल तर त्याच दिवशी पुढच्या भाडेकरूचा शोध सुरू करा आणि घर दाखवायच्या वेळा दोघांच्या सोयीने ठरवा.

शेवटच्या दिवशी तोच व्हिडिओ उघडा आणि तोच फेरफटका पुन्हा मारा. वापराने होणारी झीज आणि केलेलं नुकसान यांत फरक करा. नळाचा वॉशर गेला, रंग मळला, ही झीज. बेसिनला तडा, दाराला भोक, हे नुकसान. कपात करायची असेल, तर दुरुस्तीचं बिल दाखवून करा. शेवटचं वीजबिल आलेलं नसतं, तेव्हा मीटरच्या रीडिंगवरून अंदाज काढून तेवढेच पैसे थांबवा. बाकी डिपॉझिट किल्ली हातात येताच, त्याच्यासमोर, ऑनलाइन पाठवा. पाठवल्यावर “हिशेब पूर्ण” असा एक मेसेज दोन्ही बाजूंनी घ्या.

मग त्याच संध्याकाळी चावीवाल्याला बोलावून मुख्य दाराच्या कुलपाचा सिलिंडर बदला, मीटरचा फोटो काढा, मुख्य पाण्याचा कॉक बंद करा आणि सगळ्या खिडक्या एकदा हाताने ओढून बघा.